मपलं

मागल्या गल्लीत उस्मानभाईंच्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी पेटली
तेव्हा मालकाला भिंतींचे पैसे आले.
भिंती त्याच्या, विमाही भिंतींचाच.
फातेमाबी तीन दिवस परातीत राख चाळत बसली
कानातल्या दोन फुलांसाठी.

म्हणून मी बोलावून घेतलं
चारठाणकरांच्या पोराला, विमावाल्या.
आला तो भर दुपारी दोनला.
वसमत रोडवर तेव्हा कुत्रंसुद्धा नव्हतं.
माठातलं पाणी दोनदा पिऊन म्हणाला,
"ताई, घर मालकाचं, आतलं तुमचं.
आतलं कितीचं, तेवढं सांगा."

कितीचं?
अकरा वर्षं या दोन खोल्यांचं भाडं भरते मी.
दर वर्षी दहा टक्के वाढ, ती सगळ्यांना पाठ.
हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पोरीच्या भूगोलाच्या वहीमागं लिहायला बसले.
पिको-फॉलची मशीन. साधी मशीन, माहेरची.
फ्रीज, दाराला दोरी बांधलेला.
कूलर, नवा, सहा हप्ते बाकी.
लोखंडी पलंग, गाद्या, गॅसच्या दोन टाक्या,
आईचं नाव कोरलेला पितळी डबा.
डब्यापुढं शंभर लिहिले. खोडले.
पाचशे लिहिले. तेही खोडले.

"घेतल्या भावानं नका लिहू," तो म्हणाला.
"उद्या सकाळी बाजारात उभं राहून
सगळं परत घ्यायचं झालं तर काय लागंल, ते लिहा."

एका सकाळी सगळं परत.
चमच्यापासून.
सुईपासून.

एक लाख ब्याऐंशी हजार.
बेरीज मी दोनदा केली.
या दोन खोल्यांत आपण एवढ्या आहोत
हे मलाच ठाऊक नव्हतं.

"लाखाचाच काढू की," मी म्हणाले, "हप्ता कमी बसंल."
"काढा. पण निम्मं सांगून ठेवलं
तर पन्नास हजाराचं जळल्यावर पंचवीसच्या आसपासच येतील."
आईपण अशीच वाढायची,
भूक जेवढी सांगशील तेवढीच भाकर.

मग त्यानं एक शब्द सांगितला, घसारा.
वस्तू वापरली की दर वर्षी तिची किंमत उतरते.
तो कापून घ्यायचा नसंल, तर पॉलिसी वेगळी, हप्ता जरा चढा.
मी माहेरच्या मशीनच्या पायपट्टीकडं बघितलं.
वीस वर्षांच्या माझ्या पावलानं
आरशासारखी झालीय.
हिची किंमत उतरली म्हणं.
उतरली असंल. मी काही बोलले नाही.

"वरून तुमचा नळ चालू राहिला, खाली मालकाचं छत गळलं,
त्याचंही थोडक्यात जोडता येतं."
"जोडा."

जाता जाता त्याची नजर खुंट्यांवर गेली.
लग्नसराईचे सतरा ब्लाऊज, नऊ साड्या,
त्यात सोनपेठकरांच्या सुनेची पैठणी,
फॉल अर्धा लागलेला.
"ह्या धरल्या का?"
"त्या मपल्या न्हाईत. गिऱ्हाइकांच्या."
त्याचं पेन थांबलं.
"मग ह्या यात बसणार नाहीत, ताई.
धंद्याचं निराळं काढावं लागंल. विचारून सांगतो."

घरातलं सगळ्यात महाग
मपलं नव्हतंच.

संध्याकाळी पोरीनं एकेका वस्तूचे फोटो काढले.
कपाटाच्या आरशात मोबाईल धरलेली ती स्वतःच आली.
मी म्हटलं, राहू दे तो.
सगळे फोटो सेलूच्या बहिणीला धाडले,
पावत्यांचेसुद्धा.
मोबाईलही इथंच जळायचा, म्हणून.

त्याचा फोन अजून आला नाही.
रात्री मी पैठणी, साड्या, सगळे ब्लाऊज
लोखंडी पेटीत घातले
आणि पेटी आतल्या खोलीत सरकवली, बोर्डापासून लांब.
तिथं होती ती आमची गादी
बाहेर ओढून घेतली,
बोर्डाखाली.